कॅरिअरवरचे खडूचे गोल

झेंडू तोडणीला आला की आमच्या भागातल्या माणसांना म्हणे वाऱ्यातूनच सण कळतो. मला कळत नाही. वास येतो, नाक शाबूत आहे. पण त्या वासाने माझं काही होत नाही. सकाळी शाळेत निघताना मंचरच्या बाजारात टेम्पोतून क्रेट उतरत असतात. पिवळ्या-केशरी ढिगांमधून मी साडी सावरत वाट काढते. एखादी ओळखीची बाई हाक मारते, "मॅडम, न्या की दोन किलो, दसरा आलाय." मी नेते. संध्याकाळी सुई-दोरा घेऊन बसते आणि दाराचं तोरण, देवाचा हार, गाडीचा हार असं सगळं क्रमाने ओवून टाकते. हात नीट चालतात. बाकीची मी मात्र त्यात नसते.

असं पंधरा वर्षं चाललंय. आधी मला वाटायचं, वय झालं की सणांचं अप्रूप जातं. पण हे सुरू झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, तेव्हा ही सबब काही खरी नव्हे.

यंदा झेंडूच्याच दिवसांत दादाचा फोन आला. दादा माझा थोरला भाऊ, चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारणं त्याला जमत नाही.

"मने, जीप घेतलीये. जुनीच हाये, पण चारी चाकं ओढणारी."

"कशाला रे? बस काय वाईट आहे?"

"पोरांना सायकली लागल्यात गोड. त्यांना घेऊन आहुप्याला जायचं म्हणतोय, वर पठारावर. रस्ता कसला, नुसते दगड. मागं सायकलींचं कॅरिअर बसवायचंय. तू चल बघायला."

"मला काय कळतंय त्यातलं? वहिनीला ने."

"तू मागं बसली व्हतीस ना त्या दिशी," तो म्हणाला. "मग तुला कळत असंल." आणि फोन ठेवला.

त्या दिवसाबद्दल दादाने इतक्या वर्षांत काढलेलं हे पहिलं वाक्य. मी फोन हातात धरून उभी राहिले. गॅसवर दूध उतू गेलं ते मला मुलीने सांगितल्यावर कळलं.

महाळुंगे पडवळला आमचा मळा गावापासून आत होता. घर आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये एक ओढा. पूल नाही, फरशी नाही. उतारावरून खाली जायचं, गोट्यांवरून पाण्यातून जायचं आणि समोरचा चढ दम धरून चढायचा. पाहुणे त्या चढाला बघूनच पायी यायचे. म्हणून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लिलावातली एक जीप आणली होती. तिचा टप ताडपत्रीचा. कांद्याच्या गोण्या, झेंडूचे क्रेट, आजारी माणूस, गाभण शेळी, जे असेल ते त्या जीपमधून ओढ्यापार जायचं.

आणि दादाची सायकल. ती आमच्या घरातली एकमेव नाजूक वस्तू होती. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, पुण्याच्या एका शर्यतवाल्याने वापरून विकलेली. दादा ती ओढ्यातून खांद्यावर न्यायचा, पार गेल्यावर फडक्याने पुसायचा आणि मग मंचर, घोडेगाव, डिंभ्याच्या धरणापर्यंत मारून दुपारच्या भाकरीला परत. गावच्या जत्रेतल्या सायकल शर्यतीत त्याच्यापुढे कुणी दिसायचं नाही. त्या वर्षी त्याला जिल्ह्याच्या निवडीला बोलावणं आलं. निवड झाली तर खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागेल, असं त्याला कुणी सांगितलं होतं. वयाच्या हिशोबाने ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. निवड जुन्नरला, लेण्याद्रीच्या पायथ्याशी सुरू होणार होती.

अण्णांना सायकलीचं काही कळायचं नाही, पण पोराचं कळायचं. "निवडीच्या दिशी पाय शाबूत पायजेत तुझे. जुन्नरपतोर सायकल मारत न्हाई जायचं. जीपनं सोडतो. पुढंबी हितंतितं जावं लागंल, एकदा चांगलं कॅरिअरच करून टाकू," ते म्हणाले.

मग आठवडाभर आमच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता. सायकल जीपच्या आत टाकली तर हादऱ्याने बारीक चाकं वाकतील. कॅरिअर कसलं करायचं? टप ताडपत्रीचा, वर बसवायचं तर खाली सांगाडा उभारावा लागेल. बोनेटवर आडवी टाकली तर समोरचं दिसणार नाही. मागे लावावं तर ओढ्याच्या चढाला जीपचं बूड आधीच टेकतं, त्यात कॅरिअर खाली लोंबलं तर पहिल्या दिवशीच मोडेल. दादा काडीने मातीत आकृत्या काढायचा आणि अण्णा त्या चपलेने पुसायचे. शेवटी अवसरी बुद्रुकच्या बाळू मिस्त्रीला बोलावलं. त्याने जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, ओढ्यापर्यंत चालत जाऊन चढ बघून आला आणि म्हणाला, "मागंच करू. पण वर उचलून. पाईप जाड घेऊ, आन चाशीला धरू. नुसतं बंपरला टांगलं तर हादऱ्यानं बंपरसकट जाईल."

बाळू मिस्त्री तेव्हा तिशीचा असेल. अवसरीला फाट्याजवळ त्याचं छोटं दुकान. ट्रॉल्या, नांगर, मोटारीच्या खोलीची दारं, सगळ्या पंचक्रोशीचं लोखंड त्याच्याकडे जोडायला जायचं. कामाला बसला की बोलायचा नाही. वेल्डिंगचं मशीन घेऊन तो अष्टमीच्या दुपारी आमच्या मळ्यात आला, कारण विहिरीच्या मोटारीची वीज आमच्याकडे होती. अंधार पडेपर्यंत त्याने सगळा सांगाडा उभा केला. जोडांना आधी नुसते टाके मारले, म्हणजे दोन पाईप जागेवर धरून ठेवण्यापुरता वेल्डिंगचा एकेक थेंब. सगळं मापात आहे हे बघून मग जोड सलग भरायचे, अशी त्याची पद्धत. निम्मे जोड भरून झाले आणि वीज गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी अवजारं पुजतात आणि पुजली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. पहाटेच अण्णांनी कुदळी, खुरपी, नांगराचा फाळ, पाण्याची मोटार आणि जीप यांना हळदकुंकू लावून ठेवलं होतं. मिस्त्री सकाळी मशीन सुरू करायला आला तर अण्णा आडवे.

"आज लोखंडाला आग लावायची न्हाई, बाळू."

"अण्णा, दोन तासाचं काम ऱ्हायलंय. आमच्यात नवमी नसती. तुमी घरात बसा, मी करतो. पाप लागलं तर मला लागंल."

"जीप माझी हाये ना? मग पाप मला लागंल."

मिस्त्री हसला. त्याला त्याच संध्याकाळी दीक्षाभूमीला निघायचं होतं. त्यांच्या वस्तीतली माणसं दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायची. दादाची निवड त्यानंतर चार दिवसांनी होती, त्यामुळे त्यालाही घाई नव्हती. अण्णा फुलं तोडायला निघून गेले. दादा सायकलवर बाहेर. मिस्त्रीने खिशातून खडू काढला आणि सात जोडांभोवती सात पांढरे गोल काढले.

"ताई, हिकडं या. हे बघा. जिथं गोल हाये तिथं नुसता टाका हाये. मी आलो की भरून देतो. तवर मोकळी जीप कुठंबी फिरवा, पण ह्याला वझं टांगू नका. दादाला सांगा."

"सांगते," मी म्हणाले. बोटांत सुई होती, हार ओवत होते. तरी मी मान वर करून सातही गोल नीट पाहिले होते. मला ऐकू आलं नाही, असं मी म्हणू शकत नाही.

दुपारी जीपला हार घातला आणि मला तो सांगाडा खुपायला लागला. पुढे केशरी हार, मागे काळपट, डागाळलेले पाईप आणि त्यावर खडूच्या रेघोट्या. उद्या दसरा, गावातली माणसं सोनं द्यायला येणार, नव्या कॅरिअरला बघणार. खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला रेड ऑक्साइडचा डबा पडवीत होता. रंग लावायला काही आग लागत नाही. मी ब्रश घेतला आणि तासाभरात अख्खं कॅरिअर लालचुटूक करून टाकलं. खडूही गेला, टाकेही गेले. कुठला जोड भरलेला आणि कुठला नुसता चिकटवलेला, ते आता माझं मलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी अण्णा बघून म्हणाले, "आता कसं, नवरीवाणी दिसतंय!" मी इतकी खूश झाले की दादाला निरोप द्यायचा राहूनच गेला.

विसरले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण ते निम्मंच खरं आहे.

दसऱ्याच्या दिवशी तालमीतला एकजण निरोप घेऊन आला. निवडीचा दिवस अलीकडे घेतला होता. उद्याच, सकाळी आठला, लेण्याद्री. घरात एकच धांदल उडाली. दादाने कॅरिअरला दोन्ही हातांनी धरून हिसडे दिले, ते हललं नाही. "काय मजबूत केलंय राव बाळूनं!" तो म्हणाला. तेव्हा मला आठवलं. सातही गोल आठवले. तोंड उघडलंही होतं. पण मग सांगावं लागलं असतं की मिस्त्रीचा निरोप मी दिला नाही, वर रंग फासून ठेवला, आणि ऐन सणाच्या दिवशी अण्णांच्या तोंडाचा पट्टा सुटला असता. मनात म्हटलं, एवढे हिसडे दिले तरी हललं नाही, तर एका दिवसाने काय होतंय. आणि मी तोंड मिटलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

सकाळी अण्णा जीप चालवायला, शेजारी दादा, आणि मी मागच्या बाकावर. अण्णांना गिरिजात्मजाला नारळ द्यायचा होता म्हणून मीही बरोबर. ताडपत्री गुंडाळलेली, माझ्या डोळ्यांसमोर कॅरिअरच्या दोन हातांवर ती सायकल. हँडलला मी घातलेला झेंडूचा छोटा हार. जीप ओढ्यात उतरली, गोट्यांवरून हिंदकळत पलीकडे गेली आणि चढाला लागली. कॅरिअर दगडाला घासल्याचा आवाज आला. मग मला दिसलं की डावीकडच्या जोडावर लाल रंगाला एक बारीक रेघ गेलीये. केसाएवढी. पुढच्या हादऱ्याला ती बोटाएवढी झाली.

मी ओरडले नाही. का नाही, ते मला आजही सांगता येत नाही. घशातून आवाज येत नव्हता म्हणावं, तर मी प्रयत्नही केला नाही. मी बघत बसले. कॅरिअर एका अंगाने खाली झुकलं, सायकल घसरून चढावर आडवी पडली. त्याच वेळी इंजिन बंद पडलं आणि ब्रेक लागेपर्यंत जीप हातभर मागे आली. हातभरच. मागचं चाक सायकलवर चढलं तेव्हा फार मोठा आवाजही झाला नाही.

दादा उतरला. त्याने सायकलीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा सायकलीकडे. फ्रेम मधोमध वाकली होती. तो शिव्या देईल, रडेल, मला विचारेल, असं वाटत होतं. तो खाली बसला आणि हँडलमधला हार काढून ओढ्यात सोडला, एवढंच. गावात दुसरी तसली सायकल नव्हती. आठ वाजून गेले, नऊ वाजले, अण्णा एकटेच बोलत होते.

मिस्त्री दोन दिवसांनी आला, ठरल्याप्रमाणे, मशीन घेऊन. अण्णांनी त्याला अंगणातच धरलं. दहा माणसं जमली होती.

"पोराचं वाटोळं केलंस बाळू. असं काम करत्यात व्हय?"

"अण्णा, काम पुरं कुठं झालं व्हतं? मी खुणा केल्या व्हत्या खडूनं."

"कुठायत खुणा? दाव!"

मिस्त्री मोडलेल्या कॅरिअरजवळ गेला. पाईपवरून हात फिरवला. "रंग कुणी लावला?" त्याने विचारलं.

"रंगाचं काय घिऊन बसलास? चूक केली तर मान्य कर!"

मिस्त्रीने वर पाहिलं. मी दारात उभी होते. माझ्या नखांत रेड ऑक्साइड होता. तो रॉकेलनेही लवकर जात नाही. मी हात ओढणीआड घेतले. त्याने मशीन उचललं आणि गेला.

अण्णांनी चहाच्या टपरीपासून पारापर्यंत सगळीकडे सांगितलं, बाळूचं काम कच्चं. अण्णांचा शब्द गावात चालायचा. बाळूच्या पोटी किती पोरं आहेत हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. ट्रॉल्या दुसरीकडे जायला लागल्या. उन्हाळ्यापर्यंत फाट्यावरचं दुकान बंद झालं आणि तो भोसरीला गेला असं ऐकलं. ऐकलं तेव्हा मी डीएडच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होते. भरत राहिले. पुढे माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, अण्णा गेले. अण्णांच्या वेळी बायका म्हणाल्या, "रडून घे गं, मोकळी हो." मला रडूच आलं नाही. बाळू मिस्त्रीला नावं ठेवतच ते गेले, एवढं मात्र मनात आलं. शाळेत मुलांना मी रोज सांगते, खरं बोलावं. आणि ते सांगताना मला लाजही वाटत नाही. सगळ्यात वाईट हेच असावं.

तर दादाबरोबर कॅरिअर बघायला गेले. आधी पुण्यातल्या एका झकपक दुकानात. तिथल्या पोरसवदा माणसाने आम्हाला पट्ट्यांवर लटकणारं, घडी होणारं कॅरिअर दाखवलं. दादाने एक पट्टा ओढून पाहिला. "हे हायवेला चालंल. आहुप्याच्या वाटंला पहिल्या दणक्यात ढिलं." दुसरं स्टेपनीवर बसणारं. "स्टेपनीचं वजन, वर तीन सायकली, दाराच्या बिजागऱ्या कुठं टिकायच्या?" बाहेर पडल्यावर त्याने जीप नाशिक रस्त्याला घेतली आणि म्हणाला, "बाळू मिस्त्रीकडंच जाऊ. भोसरीत शेड हाये त्याचं."

"त्याच्याकडे?" माझ्या तोंडून गेलं.

"का? एकदा चुकला म्हणून काय जन्मभर चुकंल? माणूस हुशार व्हता. मला कवाच राग न्हाई आला त्याचा."

शेड मोठं होतं. मिस्त्रीचे केस पांढरे झाले होते, डोळ्याला चष्मा. त्याने दादाला ओळखलं, मला ओळखलं, चहा मागवला. जुनं काही काढलं नाही. जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि खाली वाकून बूड पाहिलं. "मागंच करू. वर उचलून. चाशीला धरू," तो म्हणाला. तेच शब्द. दुपारपर्यंत त्याने सांगाडा टाक्यांवर उभा केला आणि जेवायला उठताना खिशातून खडू काढून गोल काढायला लागला. एक. दोन. तीन.

चौथ्या गोलाला मी म्हणाले, "मिस्त्री, त्या वेळी रंग मी लावला होता."

खडू थांबला. दादा कॅरिअरला हात लावून उभा होता.

"तुम्ही मला निरोप सांगितला होता. मी दादाला दिला नाही. आदल्या दिवशी मला आठवलंही होतं. तरी बोलले नाही."

"ठावं हाये ताई," मिस्त्री म्हणाला. "नखात व्हता तुमच्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"माझं कोण ऐकणार व्हतं? तुमी बोलायला पायजे व्हतं." आवाज चढवला नाही, मनाला लावून घेऊ नका असंही म्हणाला नाही. उरलेले गोल काढले आणि हात धुवायला गेला.

दादा पाईपकडे बघत म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर मी सायकलवरनं गेलो असतो गं. ओढा खांद्यावर पार केला असता, रोजच्यासारखा. जुन्नर म्हंजे काय, पहाटं निघून आठाच्या आत टेकलो असतो."

हे मला पंधरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. एवढं सोपं होतं. मी तिथल्याच एका लोखंडी स्टुलावर बसले. रडू आलं असं म्हणता येणार नाही. दादा बाहेर जाऊन उभा राहिला, पाठमोरा.

जेवणानंतर मिस्त्रीने एकेक जोड सलग भरला. झालं की फडक्याने खडू पुसायचा आणि मला बोलवायचा, "बघा." मी वाकून बघायचे, मगच तो पुढच्याला हात लावायचा. सगळे जोड मी पाहिले. निघताना मी त्याला म्हटलं, "गावात येऊन मी सांगीन सगळ्यांना." तो म्हणाला, "सांगा. माझी आई अजून अवसरीतच असती. तिला आधी सांगा." परतीच्या वाटेवर दादाने मंचरला मला उतरवलं आणि निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी मी अवसरीला जाऊन आले. म्हातारीला ऐकायला कमी येतं, मला दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्या दोन घरांनीही ऐकलं. ती म्हणाली, "उशीर क्येला बाय." चहा दिला. मी तो प्यायले.

त्यानंतर आठ दिवस दादाचा फोन नाही. मीही केला नाही. कोणत्या तोंडाने करणार? काल दसरा झाला. संध्याकाळी मी दाराचं तोरण नीट करत होते, हाताला झेंडूचा वास येत होता, आणि तो नेहमीच्यापेक्षा थोडा उग्र वाटला. तेवढ्यात फोन वाजला.

"उद्या निघतोय पोरांना घेऊन," दादा म्हणाला. "सकाळी तुला घ्यायला येतो. तू मागं बस."

"मी?"

"हां. कॅरिअरकडं तोंड करून. आन काय दिसलं तर वरड."

"ओरडीन," मी म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्याने निघालं की आतल्या खोलीतून मुलगी धावत आली, काय झालं म्हणून.